पाचवे शील आणि आपले लक्ष



धम्मदीक्षा घेऊन दोन-चार वर्षेच झाली आहेत अशा घरांतून अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानी येतो. विचारणारे बहुधा आईवडील असतात. ते म्हणतात, पूर्वी मन थाऱ्यावर नसले म्हणजे आम्ही माळ ओढत असू, मुलगा अभ्यासाला बसेना तर त्याच्या कपाळाला अंगारा लावीत असू, कोणी सांगितले तर गुरुवारही धरीत असू. बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि हे सारे सोडून दिले. चांगलेच झाले. पण मन मात्र पूर्वीपेक्षा अधिक भटकू लागले आहे. कामावर मोबाइल, घरी मोबाइल, जेवतानाही मोबाइल. पोराचे पुस्तक उघडे आणि डोळे दुसरीकडे. तेव्हा चित्त एकाग्र व्हावे म्हणून बौद्धाने कोणती गाथा म्हणावी?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट दिले पाहिजे. अशी गाथा नाही. गाथा म्हणजे मंत्र नव्हे. अंगारा काढून त्याच्या जागी गाथा ठेवली, तर भिंतीवरची तसबीर बदलली, घर तेच राहिले, असे होईल. परंतु आपण रोज सकाळ-संध्याकाळ जे म्हणतो त्यातच या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि रोजच्या सवयीमुळे ते आपल्या नजरेतून सुटते.

पंचशीलातले पाचवे शील म्हणजे दारू पिऊ नये, असे आपण मुलांना शिकवतो. ते बरोबर आहे. पण त्यातले पाली शब्द एकदा सावकाश पाहा. सुरा, मेरय आणि मज्ज हे तीन शब्द मादक पेयांचे. त्यांच्यापुढे आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे पमादट्ठान. पमाद म्हणजे प्रमाद, गाफीलपणा, बेसावधपणा. ठान म्हणजे ठिकाण. पहिल्या चार शीलांत हिंसा, चोरी, व्यभिचार आणि खोटे बोलणे ही कृत्ये तेवढी सांगितली आहेत. पाचव्यात मात्र कृत्याबरोबर कारणही सांगितले आहे. मद्य वर्ज्य का? ते गाफीलपणाचे घर आहे म्हणून. ज्याने पहारा करायचा तोच झोपला की उरलेली चारही शीले मोडायला वेळ लागत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपण आपल्या वाड्यांतून पाहिली आहेत, तेव्हा हे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक खुलासा केलाच पाहिजे. 'मोबाइल हीदेखील दारूच' असे सभेत ठासून सांगणारे वक्ते असतात, आणि टाळ्याही मिळतात. त्या वाक्याचा एक दुष्परिणाम मी पाहिला आहे. पिणारा माणूस म्हणतो, सगळेच कसली ना कसली पितात, मग माझ्याच मागे का लागता? म्हणून स्पष्ट सांगतो. पाचवे शील दारूबद्दल आहे आणि दारूबद्दलच राहू द्यावे. परंतु त्या शीलाचे जे कारण आहे, ते दारूपुरते थांबत नाही. प्रमाद जेथे जेथे घर करतो तेथे तेथे ते कारण लागू पडते.

तथागतांनी प्रमादाच्या उलट शब्द योजला तो अप्पमाद, म्हणजे अप्रमाद. महापरिनिब्बान सुत्तानुसार त्यांचा अखेरचा उपदेश याच शब्दाचा आहे. धम्मपदाचा दुसरा वग्ग अप्पमादवग्ग, आणि त्याला लागूनच तिसरा चित्तवग्ग. या चित्तवग्गात चंचल मनाला पाण्याबाहेर काढून जमिनीवर टाकलेल्या माशाची उपमा दिली आहे. आपण किनाऱ्यावरची माणसे. आक्षी-साखरच्या किंवा मुरूडच्या बंदरावर होडी लागली की टोपलीत मासळी कशी तडफडते हे आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. त्या मासळीला कोणी 'स्वस्थ पड' असे म्हणत नाही. ती तडफडते, कारण तिचे पाणी सुटलेले असते. मन भटकते तेव्हा त्याला रागे भरण्याआधी, त्याचे पाणी कोणी काढून नेले, हे विचारले पाहिजे.

अप्रमाद म्हणजे नुसते डोळे मिटून बसणे नव्हे, हे समजायला आपल्याच खारपट्ट्यातले उदाहरण पुरेसे आहे. अलिबाग, पेण आणि उरण तालुक्यांत खाडीच्या काठाची शेती बाहेरकाठ्याच्या आधारावर उभी असते. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला समुद्राचे पाणी, आणि मध्ये मातीचा बांध. हा बांध फुटतो तो एकदम मोठ्या लाटेने फुटतो असे परक्याला वाटते. जाणत्या शेतकऱ्याला ठाऊक असते की आधी खेकडा बीळ करतो. बिळातून पाणी झिरपते, माती सुटते, आणि अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला तेथेच खांड पडते. एकदा खारे पाणी शेतात भरले की पुढची काही वर्षे तेथे धड पीक येत नाही. म्हणून पूर्वी गावचे लोक मिळून बांधावर फेरी मारीत, बीळ दिसले की चिखलाचा गोळा ठोकून बुजवीत, उघाडीची फळी वेळेवर वरखाली करीत. त्यात कोणाचीही समाधी लागलेली नसे. बोलत, विडी ओढत, हसत काम चाले. पण नजर बांधावर असे. ज्या गावांनी ही फेरी सोडली तेथील शेते खारफुटीखाली गेलेली आज दिसतात. सम्यक स्मृती ही अशी पहाऱ्याची गोष्ट आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तिचा अर्थ मनाची अखंड जागृती, विकारांवर मनाचा पहारा असाच केला आहे.

आता कोणी म्हणेल की एकाग्रता आली म्हणजे झाले. मी तसे मानत नाही. खाडीच्या चिखलात एका पायावर उभा असलेला बगळा केवढा एकाग्र असतो! मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणारा तरुण रात्रीचे दोन वाजेपर्यंत मान वर करीत नाही, त्याच्या एकाग्रतेत काय कमी आहे? ज्याला आपण 'लक्ष लागत नाही' म्हणतो त्या मुलाचेही लक्ष लागतच असते, फक्त ते भलत्या ठिकाणी लागलेले असते. बाबासाहेबांनी हा भेद नेमका टिपला आहे. समाधी आणि सम्मासमाधी एक नव्हे, असे ते पहिल्या प्रवचनाच्या प्रकरणात दाखवतात. लोभ, द्वेष, आळस, संशय आणि अनिश्चय ही पाच आवरणे नुसत्या एकाग्रतेने काही काळ दबतात, पण मनाला कायमचे वळण लागत नाही. सम्मासमाधीत मन एकाग्र तर होतेच, शिवाय त्या एकाग्रतेत ते कुशल कर्माचा विचार करते आणि चांगल्याचाच विचार करण्याची त्याला सवय जडते. तेव्हा किती वेळ लक्ष लागले याच्या आधी ते कशावर लागले हे पाहावे लागते.

आणि याच्याही आधी आणखी एक प्रश्न आहे, जो आपल्या समाजाने विसरता कामा नये. आपले लक्ष आपल्या ताब्यात होते तरी केव्हा?

आपल्या पूर्वजांची गुलामी आपण पाणी, देऊळ आणि शिवाशीव या शब्दांत आठवतो. तिचा आणखी एक भाग होता, तो म्हणजे हाक. वतनदार महाराला कामाचे तास ठरलेले नव्हते. पाटलाची हाक आली की हातातला घास टाकून उठावे लागे. सरकारी टपाल, साऱ्याची वर्दी, मयताची बातमी, मेलेले जनावर, कशासाठी आणि केव्हा बोलावणे येईल याचा नेम नव्हता. आजारी असला तरी घरातल्या दुसऱ्याने धावायचे. ज्याचे कान सतत दुसऱ्याच्या हाकेकडे लागलेले, तो स्वतःचा विचार कधी करणार? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक आणले ते याच पाशाविरुद्ध. ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने संपली. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खोतीचा जाच होता. कुळाच्या शेतात लावणी अर्धी राहिलेली असे आणि खोताच्या शेतावर वेठीला जावे लागे. अंगाने माणूस खोताच्या चिखलात, मन स्वतःच्या सुकत चाललेल्या आव्यावर. ही वेठ एका जातीची नव्हती. कुणबी, आगरी, महार, सारेच तिच्यात भरडले गेले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो १९३९ पर्यंत चालला. १९३४ साली बाबासाहेब तेथील शेतकरी परिषदेला आले, आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आज धम्मात येणाऱ्या कुटुंबांपैकी काही निरनिराळ्या जातींतून आलेली आहेत. त्यांच्या आजोबा-पणजोबांनाही ही वेठ माहीत होती.

हाक देणारा गेला, परंतु हाक गेली का? आज आपली मुले कारखान्यांत, बंदरात, गोदामांत कंत्राटावर काम करतात. कंत्राटदाराचा माणूस रात्री दहा-साडेदहाला मोबाइलच्या गटात उद्याच्या शिफ्टची नावे टाकतो. पाच मिनिटांत होकार कळवला नाही तर नाव कापून दुसऱ्याचे घातले जाते. असा मुलगा जेवताना, आजारी आईशी बोलताना, लेकराला मांडीवर घेतले असतानाही एक डोळा त्या पडद्यावर ठेवतो. याला 'तू प्रमादी आहेस, ध्यान कर' असे सांगणे मला निर्दयपणाचे वाटते. हा प्रमाद नव्हे, ही वेठ आहे. आणि वेठ डोळे मिटून जात नाही, ती संघटित होऊन आणि कायद्यानेच जाते, हे चरीच्या शेतकऱ्यांनी दाखवून दिले आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाना कायद्यात जी दुरुस्ती मांडली, तिने १९४६ साली कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्या काळी भोंगा वाजला की काम संपत असे. आता भोंगा खिशात आला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नासहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना, कामाच्या वेळेनंतर संदेशांपासून मोकळे राहण्याच्या हक्काबद्दल कामगारांशी बोलणी करणे कायद्याने भाग पडले. आपल्या लोकसभेतही सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये अशा हक्काचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. आपल्या कामगार कार्यकर्त्यांनी या मागणीकडे शहरी नोकरदारांचे लाड म्हणून पाहू नये. वेठबिगारीचा इतिहास ज्यांच्या रक्तात आहे त्यांना ती इतरांपेक्षा लवकर समजली पाहिजे.

ही झाली लादलेली हाक. परंतु दिवसभरात आपण ज्या हाकांना धावतो त्या सगळ्या कंत्राटदाराच्या असतात काय? प्रत्येकाने आपल्याशी खरे बोलावे. निम्म्याहून अधिक आपणच आमंत्रण देऊन बोलावलेल्या असतात, आणि येथे मात्र पाचव्या शिलाचे कारण पूर्णपणे लागू पडते. त्यामागची युक्ती समजून घ्या. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, पुस्तकाचे प्रकरण संपते, आणि संपले की हात आपोआप थांबतो. २००६ साली एझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने पडद्यावरचे पान कधीच संपणार नाही अशी रचना तयार केली. बोट वर सरकवत राहावे आणि खालून नवे येत राहावे. पुढे त्याने स्वतःच या शोधाबद्दल खेद व्यक्त केला. या रचनेने तळच काढून टाकला. जो तळावर आपटून थांबत होता तो आता थांबणार कशावर? आपण जितका वेळ तेथे राहू तितक्या जाहिराती विकल्या जातात. तेव्हा आपले लक्ष हा कोणाच्या तरी दुकानातला माल आहे, हे ओळखून तरी बोट उचलावे.

यात आपले स्वतःचे गट अपवाद नाहीत, हे मी मुद्दाम लिहितो. जयंतीच्या, विहाराच्या, समाजाच्या गटांत सकाळी उठल्यापासून पन्नास 'जयभीम' येतात. कोठे अत्याचार झाला की त्याची चित्रफीत येते. संतापाची लाट उठते, ज्याने त्याने ती पुढे ढकलायची, आणि तिसऱ्या दिवशी दुसरी चित्रफीत आली की पहिली विसरायची. त्या पीडित कुटुंबाच्या खटल्याची पुढची तारीख गटातल्या किती जणांना माहीत असते? याउलट आपल्याच जिल्ह्यातले महाड पाहा. १९ आणि २० मार्च १९२७ या दिवसांची आठवण आपण दरवर्षी करतो. पण चवदार तळ्यावरून सनातन्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा दाखल केला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने अंतिम निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. मध्ये सव्वानऊ वर्षे गेली. त्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. एवढ्या धामधुमीत एका तळ्याचा खटला बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातचा जाऊ दिला नाही. तळ्याचे पाणी प्यायला एक दिवस लागला, पण तो हक्क कोर्टात टिकवायला ही वर्षे लागली. अप्रमादाचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. चित्रफितीवर पेटणारा आणि तारखेला गैरहजर राहणारा समाज कोणाच्याही सोयीचा असतो.

विपश्यना करावी की चळवळ करावी, हा वाद आपल्यात बरीच वर्षे चालू आहे. १९७६ साली इगतपुरीला केंद्र निघाल्यापासून आपली अनेक माणसे तेथे जाऊन आली. काहींना लाभ झाला, तर काही जण परत आल्यावर गावातल्या अन्यायाबद्दल बोलेनासे झाले, अशी तक्रार कार्यकर्ते करतात. माझे मत असे की, ज्याचे मन एका जागी अर्धा तास टिकत नाही तो चळवळीच्या कामातही नऊ वर्षे टिकणार नाही. आणि ज्याच्या ध्यानाला शेजाऱ्याचे रडणे ऐकू येत नाही त्याचे ध्यान बगळ्याचे. एवढे बोलून मी हा वाद येथे सोडतो.

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ. बाबासाहेबांच्या अभ्यासाच्या कथा आपण मुलांना सांगतो, पण बहुतेक वेळा त्या अर्धवट सांगतो. परळच्या चाळीतली एकच खोली, धूर, भांडीकुंडी, उशाशी जाते, पायथ्याशी शेळी, आणि मिणमिणता दिवा, असे वर्णन धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. पोरांना आपण म्हणतो, बघा, अशा परिस्थितीत ते शिकले, तुम्हाला काय झाले? पण त्याच ठिकाणी कीर सांगतात की सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत, आणि मग खोलीत निजानीज होऊन शांतता झाली म्हणजे त्याला उठवून अभ्यासाला बसवीत. म्हणजे ती एकाग्रता एकट्या मुलाची नव्हती. एका बापाने आपली झोप देऊन ती विकत घेतली होती. पुढे लंडनला १९२० ते १९२३ या काळात ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बाबासाहेब दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत, तेव्हा इकडे मुंबईत माता रमाई कोणत्या हालअपेष्टांत घर चालवीत होत्या हे आपण जाणतो. एका माणसाचे लक्ष एका जागी टिकते तेव्हा त्यामागे दुसरे कोणी तरी हाका झेलीत असते.

म्हणून विचारतो, आपल्या घरात हाका कोण झेलतो? बहुतेक घरांत बाई झेलते. 'पाणी दे', 'माझा शर्ट कुठे आहे', 'पोरगी रडते आहे', 'कोण आलंय बघ'. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत तिला सलग पाव तास स्वतःचा मिळत नाही. नवरा मात्र विहारात जाऊन आनापानावर व्याख्यान ऐकतो. बाहेरची वेठ संपावी म्हणून ज्यांनी लढे दिले त्यांच्या घरात ही वेठ चालू राहावी काय? नवदीक्षित कुटुंबांनी एकाग्रतेचा प्रारंभ करायचा तर येथून करावा, असे मी आग्रहाने म्हणेन. रोजचा अर्धा तास घरातील बाईचा. त्या वेळात तिला कोणी हाक मारायची नाही. ती वाचील, शिवील, नुसती बसेल, तिची मर्जी.

मुलांबद्दल थोडे. संयुत्त निकायात तेलाच्या पात्राची उपमा आहे. गावातली सुंदर नर्तकी नाचते आहे, लोकांची झुंबड उडाली आहे, आणि मधून एका माणसाला तेलाने काठोकाठ भरलेले पात्र डोक्यावरून न्यायचे आहे. मागून तलवार घेतलेला शिपाई, थेंब सांडला की मुंडके उडणार. तो माणूस इकडेतिकडे बघेल का, असे तथागत विचारतात. वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मागे तलवारवाला नसता तर?" प्रश्न मोठा आहे. छडीच्या भीतीने मूल पुस्तकाकडे बघते, पण वाचत नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील त्यांचे गुरू जॉन ड्युई यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक पुस्तकात हेच म्हटले आहे. सक्तीने बसवलेले मूल बाहेरून लक्ष दिल्याचे सोंग करायला शिकते आणि आतून आपल्या विचारात रमते. असे दुभंगलेले लक्ष हीच त्याची सवय होऊन बसते. तेव्हा धाकाच्या जागी गोडी आणावी लागते. मुलाशेजारी बसून आईने किंवा बापाने स्वतः काही वाचले, तर मूल बसते. बापाच्या हातात मोबाइल आणि तोंडात 'अभ्यास कर' असले की ते बसत नाही, हे शिक्षक म्हणून मी खात्रीने सांगू शकतो. त्या मुलीला मी एवढेच म्हणालो की, पात्र जर तुझ्याच घरच्या दिव्यासाठी न्यायचे असेल तर तलवार कशाला लागेल?

राहिला मनाच्या सरावाचा भाग. तो फार अवघड नाही. एका वेळी एक काम हे पहिले. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिले की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला की मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरे काम निकृष्ट होते. आपल्या आया चुलीवर भाकरी असताना तिकडेच बघत, त्यात हेच शहाणपण होते. दुसरे, श्वासाचे. सकाळी दहा मिनिटे मांडी घालून किंवा खुर्चीवर ताठ बसावे. श्वास लांब आला तर लांब आला हे जाणावे, आखूड आला तर आखूड. मन पळेल. पळाले हे ज्या क्षणी कळते तोच सरावाचा क्षण, त्याला न रागावता परत आणावे. यात कोणाची कृपा नाही, साक्षात्कार नाही, हाताचा सराव व्हावा तसा मनाचा सराव. आणि शरीर ओढून-ताणून हे करू नये. सोण नावाचा भिक्खू चालता चालता पायातून रक्त येईपर्यंत साधना करू लागला, तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्या जुन्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने आधी झोप घ्यावी. जागरणाने जड झालेल्या डोक्याला आनापान शिकवू नये.

मात्र हे एकट्याने टिकत नाही. म्हणून वर्षावासाचा उपयोग करून घ्यावा. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ही प्रथा आपल्या किनाऱ्याला नवी नाही. मांदाडजवळ राजपुरी खाडीच्या काठी कुड्याची लेणी आहेत, सुमारे सव्वीस. लहान लहान खोल्या, त्यांत दगडात कोरलेला ओटा, आणि बाहेर खाडी. पावसाळ्यात भिक्खू येथे राहत. तेथले शिलालेख वाचले तर दान देणाऱ्यांत एक माळी आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे, एक वैद्य आहे. दिवसभर फुले ओवणाऱ्या, लोखंड तोलणाऱ्या माणसांनी आपल्या कमाईतून बसण्याच्या जागा कोरून दिल्या. नवदीक्षित कुटुंबांनी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तेथे अवश्य जावे. पाऊस ओसरल्यावर जावे, वाट निसरडी असते.

वाचनाच्या पद्धतीबद्दल एक सूचना करतो. पुष्कळ विहारांत पहिल्या पानापासून सुरुवात होते, भाद्रपदात गर्दी ओसरते, आणि अश्विनी पौर्णिमा जवळ आली की उरलेली पाने भराभर उरकली जातात. ऐकणाऱ्यांचे अर्धे लक्ष पडद्यावर. त्याऐवजी या वर्षी दुसऱ्या खंडातील पहिल्या प्रवचनापासून, म्हणजे अष्टांग मार्गापासून सुरुवात करून पाहावी. एका बैठकीला दोन पाने पुरेत. दारात एक सूप ठेवावे, आणि येणाऱ्याने मोबाइल बंद करून त्यात ठेवावा. ज्यांना कामाची हाक येण्याची खरीच धास्ती आहे त्यांनी ठेवू नये, त्यांना कोणी टोकू नये. वाचन पुरुषांनीच करावे असा नियम कोठेही नाही. एक दिवस बाईने, एक दिवस शाळेतल्या पोराने वाचावे, अडखळले तर अडखळू द्यावे. वाचून झाल्यावर व्याख्यान देऊ नये. ज्याला जे समजले नाही ते त्याने विचारावे, आणि उत्तर कोणालाच येत नसेल तर ते वहीत लिहून ठेवून पुढच्या पौर्णिमेला भन्तेजी किंवा एखादा जाणता उपासक येईल तेव्हा त्यांच्यापुढे ठेवावे.